छातीवरचे अक्षर

मनुष्याच्या मनात काय घडते हे सांगण्यासाठी मराठीने ठशाच्या आणि छापाच्या कामातले शब्द पूर्वापार वापरले आहेत. एखाद्याच्या बोलण्याची छाप पडते, एखाद्या प्रसंगाचा ठसा उमटतो, वडीलधाऱ्यांची शिकवण मनावर बिंबते आणि एखादे दुःख कोरल्यासारखे राहून जाते. या शब्दांच्या मागे राजाची मुद्रा आहे, नाणी पाडणारी टांकसाळ आहे, लाकडी ठशांनी वस्त्रे छापणारा रंगारी आहे. वैष्णव गोपीचंदनात बुडवलेली धातूची मुद्रा आपल्या कपाळावर आणि दंडावर उमटवून घेतो; कीर्तनाला निघालेला वृद्ध रामनाम छापलेले उपरणे खांद्यावर टाकतो. या साऱ्या व्यवहारांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. जे उमटले आहे ते धारण करणाऱ्याला ठाऊक आहे आणि मान्य आहे. छाप ही एक कबुली होती.

आज छाप सर्वांत अधिक दिसते ती टी-शर्टवर. मूळचे हे अंतर्वस्त्र. १९१३ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने खलाशांच्या गणवेशाखाली घालण्यासाठी ते स्वीकारले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते वरून घालण्याचे वस्त्र झाले. पुढे त्याच्या मोकळ्या छातीवर कारखान्यांची नावे, निवडणुकांची चिन्हे, गायकांचे चेहरे आणि नाना प्रकारची वचने येऊन बसली. आठवडी बाजारात ताडपत्रीवर पडलेल्या ढिगातून शेतमजुराचा मुलगा एक टी-शर्ट उचलतो. त्यावरचे इंग्रजी शब्द विकणाऱ्याने वाचलेले नसतात, घेणाऱ्यानेही नसतात. ते छापणाऱ्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराने तरी वाचले असतील, याची खात्री नसते. कधी ते दूरच्या एखाद्या विद्यापीठाचे नाव असते, कधी शब्दांची नुसती मोडतोड असते, तर कधी अर्थ कळला असता तर त्या मुलाने मान खाली घातली असती असे काहीतरी. यात हसण्यासारखे काही नाही. अक्षर माणसाच्या छातीपर्यंत पोचले, पण वाटेत ते कुणीच वाचले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अशा काळात लिनोलियमचा ठसा हाताने कोरून, एकेक टी-शर्ट छापणारी थोडी माणसे आहेत. त्यात कलाशाळांतले विद्यार्थी असतात, गावोगावचे चित्रकलेचे शिक्षक असतात, एखादी नाटकमंडळी किंवा एखादी चळवळ असते. त्यांचे काम नवलाचे नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत मुले भेंडी आडवी कापून रंगात बुडवतात आणि कागदावर तिचे पाच पाकळ्यांचे फूल उमटवतात, त्याच कामाचे हे प्रौढ रूप आहे. फरक इतकाच की भेंडीचे फूल निसर्गाने आधीच कोरून ठेवलेले असते. लिनोलियमवर जे उमटायचे ते माणसाला स्वतः ठरवावे लागते.

लिनोलियम हा पदार्थही जाणून घेण्यासारखा आहे. रंगाच्या उघड्या डब्यातल्या जवसाच्या तेलावर हवेने एक चिवट साय धरते. या सायीचा उपयोग करता येईल असे फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाच्या ध्यानात आले आणि १८६० च्या दशकात त्याने त्यातून जमिनीवर अंथरण्याचे एक आच्छादन सिद्ध केले. हवेत मुरवून घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ आणि बुचाचा भुसा एकत्र मळून ते मिश्रण तागाच्या जाड कापडावर थापायचे, अशी त्याची रीत. जवस आणि तेल या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांवरून त्याला लिनोलियम हे नाव मिळाले. पुढे स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डी या गावाने या धंद्यात मोठे नाव मिळवले. त्याला लागणारे तागाचे कापड जवळच्या डंडीत विणले जाई, आणि डंडीच्या गिरण्यांना ताग मिळे तो बंगालमधून. जवसही हिंदुस्थानातून विलायतेला मोठ्या प्रमाणावर जात असे; नागपूर-वर्धा भागातल्या काळ्या जमिनीत ते कपाशीच्या जोडीने पिकत होते. विलायतेतल्या घरांच्या पायांखाली जे मऊ, धुता येण्यासारखे आच्छादन पसरले, त्यात अशा रीतीने येथल्या शेतकऱ्याच्या घामाचाही अंश होता. ठसा उठवण्यासाठी जी तेलकट शाई वापरतात तीही बहुधा जवसाच्याच तेलात घोटलेली असते, आणि तिचे वाळणे म्हणजे तेच हवेने घट्ट होणे. ठसा आणि शाई, दोघांचेही मूळ एकाच रोपात आहे.

जमिनीचे हे आच्छादन चित्रकारांच्या हाती आले, कारण ते कापायला सोपे होते. लाकडाला रेषा असते. रेषेविरुद्ध हत्यार चालवले तर ढलपी निघते. लिनोलियमला अशी रेषा नाही. ते सर्व दिशांना सारखेच कापले जाते. थंडीने कडक झाले तर घटकाभर उन्हात ठेवले की मऊ होते. कोरणारा त्यावर आधी चित्र उतरवतो, तेही उलटे. कारण ठशावरचे डावे छापताना उजवीकडे जाते. मग टोकदार आणि गोल तोंडाच्या पात्यांनी, हत्यार नेहमी अंगापासून दूर ढकलत, जे उमटायला नको ते काढून टाकतो. वळण आले की हत्यार वळवण्याऐवजी तो खालचा तुकडा फिरवतो. दुसरा हात पात्याच्या पुढे कधीही ठेवायचा नाही, हा या कामातला पहिला धडा. आणि तो न पाळणाऱ्याच्या बोटावर खूण राहते.

चित्रापेक्षा अक्षर कोरणे अवघड, आणि त्यातही देवनागरी. आरशातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घासारखी दिसू लागते आणि मनात शब्द घट्ट धरून ठेवला नाही तर हात चुकीच्या बाजूला वळतो. शिरोरेषा सलग राखावी लागते. ‘श’ किंवा ‘ध’ यांच्या पोटातली पोकळी इतकी लहान असते की ती नीट कोरली नाही तर शाईने बुजते. सर्वांत नाजूक म्हणजे अनुस्वार. भोवतालचे सारे काढून एवढासा टिंब उंच उभा ठेवायचा; तो पात्याच्या एका निसटत्या फटक्याने उडून जातो आणि ‘रंगा’ची ‘रग’ होते. गेलेला अनुस्वार परत लावता येत नाही. एक शब्द कोरायला कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ कोरणारा त्या शब्दाच्या सहवासात असतो, एकेका रेषेला भेटत, उलट बाजूने. पोकळ शब्द असेल तर त्याचे पोकळपण या अवधीत लपून राहत नाही.

छपाईचे कामही असेच निवांतपणा मागणारे आहे. टी-शर्टचे कापड हातमागाच्या कापडासारखे उभ्या-आडव्या धाग्यांचे नसते. ते फासांनी विणलेले असते, म्हणून ओढले की ताणते. ताणलेल्या कापडावर छापलेला चेहरा कापड सैल होताच आक्रसतो. कापड आधी धुऊन त्यातली खळ काढावी लागते. शर्टाच्या आत पुठ्ठा घालतात, नाहीतर छाती छापताना पाठही रंगते. रबरी रुळाने ठशावर शाईचा पातळ थर द्यायचा, ठसा पालथा ठेवायचा आणि तळहाताने, लाटण्याने किंवा सरळ वर उभे राहून दाब द्यायचा. मग एक कोपरा उचलून हळूच पाहायचे. कुठे शाई कमी लागून मीठ शिंपडल्यासारखे ठिपके राहतात, कुठे कडा जाड होते. दहा शर्ट छापले तर दहा सारखे निघत नाहीत. कापडाची शाई पाण्यात कालवलेली असेल तर ती वाळल्यावर इस्त्रीने तापवून पक्की करतात. तेलाची असेल तर तिला काही दिवस तसेच राहू द्यावे लागते.

आपल्याकडे या माध्यमाला प्रतिष्ठा मिळाली ती शांतिनिकेतनात. १९३० साली नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेतले गांधी लिनोलियमवर कोरले. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी, पुढे पडलेले पाऊल. त्याच वर्षी निघालेल्या रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली बालपुस्तकासाठीही त्यांनी अशीच चित्रे केली. १९४३ च्या बंगालमधल्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिले. त्यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केले होते. लिनोलियमवर त्यांनी कष्टकऱ्यांची आणि लहान वयात कामाला जुंपलेल्या मुलांची चित्रे कोरली. तांबे, दगड यांना जडशीळ यंत्रे लागतात. लिनोलियमची छाप चमच्याच्या पाठीने घासूनही उठते. ज्याला पुष्कळ लोकांपर्यंत थोड्या पैशांत पोचायचे आहे त्याचे हे साधन होते.

येथे एक विपरीत गोष्ट घडली आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एके काळी गरिबाच्या खिशाला परवडणारी ही छपाई आज महाग पडते. यंत्रावर छापलेला शर्ट स्वस्त, हाताने छापलेला त्याच्या कितीतरी पट किमतीचा. तो घेणारा बहुधा सुस्थित असतो, आणि ‘हाताने केलेले’ ही त्याच्या लेखी एक शोभा असते. शिवाय हाताने केलेले म्हणजे फक्त छाप. खालचा शर्ट बहुतेक वेळा यंत्रावरच विणलेला असतो. भारतात विणलेल्या कपड्यांचे सर्वांत मोठे गाव तमिळनाडूतले तिरुप्पूर. तेथील रंगशाळांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी बिघडली की २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाला त्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. कोऱ्या शर्टावर एक सुंदर पक्षी कोरून उमटवला म्हणून त्या कापडाचा पूर्वेतिहास पुसला जात नाही.

मग हाताच्या छपाईचे महत्त्व कशात? छत्तीसगडमधले रामनामी याचे उत्तर वेगळ्या वाटेने देतात. ज्यांना जातीमुळे देवळाची दारे बंद होती, अशा लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निर्गुण रामाचे नाव स्वतःच्या अंगावर गोंदून घेतले आणि त्याच नावाने भरलेली पांढरी वस्त्रे पांघरली. देवळात जाऊ देत नसाल तर आम्हीच देऊळ होतो, असा त्या अक्षरांचा अर्थ होता. सर्वांग गोंदवणारे आता विरळ झाले आहेत, पण त्या अक्षरांचे मोल सुईच्या वेदनेने मोजलेले होते. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी जमणाऱ्या जनसागरात निळ्या टी-शर्टवर ‘जय भीम’ ही अक्षरे दिसतात. ती हाताने कोरलेली नसतात. जाळीच्या चौकटीतून शेकड्यांनी छापलेली असतात. तरीही त्यांतले एकही अक्षर न वाचलेले नसते. ते घालून आपल्या गावी परतणाऱ्या तरुणाला त्या दोन शब्दांची किंमत कधीकधी मोजावी लागते, आणि हे ठाऊक असूनच तो ते घालतो.

तेव्हा प्रश्न हात की यंत्र असा नाही. अक्षरासाठी कुणीतरी काही मोजले आहे की नाही, हा आहे. ते धारण करणारा मोजत असेल तर यंत्राची छापही खरी ठरते. धारण करणाऱ्याला अजून काही मोजावे लागलेले नसेल, तेव्हा निदान छापणाऱ्याने तरी मोजलेले असावे. लिनोलियमचा ठसा त्याला तेवढे करायला भाग पाडतो. जो शब्द तीन संध्याकाळी उलटा वाचत कोरावा लागेल तो माणूस सहजासहजी निवडत नाही. निवडल्यावर तो दुसऱ्याच्या छातीवर ठेवताना त्याचा हात थोडा तरी जपून चालतो.

हे वस्त्र चिरकाल टिकणारे नाही. धुण्यागणिक शाई फिकी होते, काठ उसवतो, आणि मराठी घरातल्या प्रत्येक जुन्या गंजीफ्रॉकप्रमाणे त्याचेही एक दिवस लादी पुसण्याचे फडके होते. जमिनीवर अंथरण्यासाठी जन्मलेल्या लिनोलियमने दिलेले अक्षर पुन्हा जमिनीवर येते. त्यात अपमान नाही. मधल्या काही वर्षांत ते एका माणसाच्या छातीवर होते, समोरून येणाऱ्यांनी ते वाचले होते, आणि त्याचा अर्थ विचारला असता तर तो सांगू शकणारी दोन माणसे जगात होती: एक ते कोरणारा, दुसरा ते घालणारा.