रोज ६४०च कसे?

तीन वर्षं झाली, तरी पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये गाडी अडकली की मला एक आकडा आठवतो. ६४०.

काम साधं होतं. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नटरनर बोल्ट आवळतो, नगाला एक. त्याचा टॉर्क सीरियल पोर्टातून केबिनमधल्या कॉम्प्युटरवर येतो आणि शिफ्ट संपली की रिपोर्ट छापला जातो. पोर्ट वाचायला सी भाषेतला एक जुना, छोटा प्रोग्रॅम होता. माझं डेस्कटॉप अ‍ॅप त्याला चाइल्ड प्रोसेस म्हणून सुरू करायचं आणि तो जे छापेल ते पाइपमधून उचलायचं. पुनावळ्यात घरी बसून दहा हजार खोटी रीडिंग सोडून पाहिली, एकही गळलं नाही. बिल लावून मोकळा झालो.

पंधरा दिवसांत फोन. पहिल्या शिफ्टला ६८३ नग, रिपोर्टमध्ये ६४०. दुसऱ्या दिवशी ६७१ नग, रिपोर्टमध्ये ६४०. तिथल्या साहेबांचा निकाल तयार होता: मशीनवरचा ठेकेदाराकडचा मुलगा शेवटचे नग न आवळताच पुढे सरकवतो. नग तोवर गाडीत चढून गेलेले, तपासणार काय?

मुलगा लातूरकडचा, विशीतला. मी गेलो तेव्हा केबिनबाहेर उभा होता, हातमोजे खिशात कोंबलेले. मला म्हणाला, "सर, कामचुकारपणा केला असता तर कधी दहा गेले असते, कधी पन्नास. रोज सहाशे चाळीसच कसे?" साहेब आतून म्हणाले, "जास्त हुशारी नको."

उत्तर त्या पोराने माझ्या हातात ठेवलं होतं. आणि मी काय केलं? केबल हलवून पाहिली, कनेक्टर बदलला. तोच प्रोग्रॅम काळ्या खिडकीत हाताने चालवला, रीडिंग टपाटप येत होती. मग कागदावर लिहून दिलं: सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला नाही. खाली सही, तारीख.

परतताना देहूरोडवरून बायपासला लागलो आणि अंडरपासमध्ये पाऊण तास अडकलो. मध्ये एक दिवस वीज गेली होती, त्या दिवशीचा रिपोर्टमधला आकडा तिथे आठवला: ५१२. कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्याला ५१२ आणि ६४० शेजारी दिसले की खटकायलाच हवं. दोन्ही १२८ च्या पटीत. एका रीडिंगची ओळ ३२ बाइटची, ओळ संपल्याच्या खुणेसकट. बत्तीस गुणिले १२८, ४०९६.

सी प्रोग्रॅम पडद्यावर छापत असला की ओळ लगेच दिसते. समोर पडद्याऐवजी पाइप असला की तो ओळी स्वतःजवळ साठवतो आणि, इथे तरी, ४०९६ बाइट भरले की एकदम सोडतो. चाकणच्या टमटमसारखं, सीट भरल्याशिवाय हलायचं नाही. नगामागे ४० सेकंद धरले तर एक खेप भरायला ८५ मिनिटं. आणि शिफ्ट संपली की माझं अ‍ॅप चाइल्ड प्रोसेसला सरळ ठार करायचं. टमटममध्ये बसलेले ४३ जण तिथंच गेले. घरच्या चाचणीत प्रोग्रॅम आपणहून संपायचा आणि जाताना उरलंसुरलं ओतून जायचा, म्हणून दहा हजार पुरे भरले.

दुरुस्ती एका ओळीची, आणि तीही पहिल्यांदा चुकली. घरच्या लिनक्स लॅपटॉपवर सेटव्हीबफ वापरून ‘ओळ झाली की सोड’ असं सांगितलं, झकास चाललं. कारखान्यात विंडोज. तिथं ओळीगणिक सोड म्हटलं तरी पूर्ण भरल्यावरच सोडायची रीत आहे. मायक्रोसॉफ्टने तसं लिहूनही ठेवलंय, मीच वाचलं नव्हतं. पुन्हा ६४०. तोवर मशीनवर दुसरा मुलगा आला होता. माणूस बदलला, आकडा तोच, आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी छापणाऱ्या प्रत्येक प्रिंटएफच्या खाली एफफ्लश, म्हणजे ‘साठलंय ते लगेच सोड’, टाकलं.

जुना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मी बरेच दिवस शिव्या घातल्या. पण त्याने तो माणसाने पडद्यावर बघावा म्हणून लिहिला होता; पाइप जोडला मी. तुम्ही असलं काही जोडत असाल तर चाचणी खऱ्या, संथ वेगाने करा आणि प्रोग्रॅम अध्येमध्ये मारून पाहा. चुकांच्या संदेशांचा दुसरा पाइप असतो, तोही उपसत राहा. तो तुंबला की चाइल्ड प्रोसेस छापता छापताच गोठते, आणि त्याचं कारण शोधायला वेगळी रात्र जाते. मला साहेबांचाही राग होता. पण त्यांच्या टेबलावर माझ्याच सहीचा कागद होता ना.

एफफ्लशवाला प्रोग्रॅम बसवला त्या दिवशी ६६२ नग आणि रिपोर्टमध्ये ६६२. आधीच्या मुलाचा गेटपास त्याआधीच जमा करून घेतला होता. चूक आमच्या सॉफ्टवेअरची होती, असा नवा कागद मी लिहून दिला. साहेबांनी तो वाचला, पंच मारला आणि जुन्या कागदावर फाइलला लावला.