वाट सांगणारी बाई आणि वाखरीचा चिखल

आमच्या सासूबाईंनी आळंदी ते पंढरपूर अशी पायी वारी चौदा वेळा केलेली. अडीचशे किलोमीटरची ती वाट त्यांच्या तळपायांना पाठ! दोन वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरू लागले नि वारी थांबली. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण गेल्या श्रावणात एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वाखरीला थांबून मग पंढरीत शिरायचंय गं एकदा. गाडीतनं का होईना."

त्याच सुमारास भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, फोर बाय फोर गाडी घेतली होती. चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचतो म्हणे. शिवाय समोरच्या काचेला रबरी चकतीने चिकटवलेलं जीपीएसचं यंत्र. "वहिनी, आता काच खाली करून वाट विचारणं बंद!" असं त्यांनी सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघून हळूच हसून घेतलं.

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, त्यामुळे या यंत्राचं मला भारी कौतुक. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह खाली वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते पोचायला लागलेल्या वेळावरून यंत्र आपली जागा काढतं. मूळ व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. सामान्यांना मिळणाऱ्या संकेतांत ते मुद्दाम चूक ठेवत; ती २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली. आपल्या भारताच्या 'नाविक' व्यवस्थेचा पहिला उपग्रह २०१३ साली सोडला गेला. फोनची रेंज गेली तरी या यंत्राचं अडत नाही, कारण नकाशा त्याच्या पोटातच असतो. पण नकाशातली रेघ डांबराची की मातीची, आणि मातीची असली तर काल तिच्यावर पाऊस पडलाय का, हे उपग्रहाला कुठून दिसणार? ते मला आधी सुचलं नाही, हे कबूल करते.

सांगलीहून पहाटे निघालो. मिरज, कवठेमहांकाळ करत सांगोल्यापर्यंत सगळं सुरळीत. दशम्या नि शेंगदाण्याची चटणी गाडीतच उरकली. सांगोल्याहून सरळ रस्ता पंढरपुरात जातो. वाखरी मात्र अलीकडे, पुण्याकडून येणाऱ्या रस्त्यावर. भाऊजींनी यंत्रात 'वाखरी' घातलं. मागच्या कुठल्याशा सहलीत त्यांनी 'कमीत कमी अंतर' हा पर्याय निवडला होता, तो तसाच राहिलेला. झालं! यंत्रातल्या बाईने गोड आवाजात डावीकडे वळायला सांगितलं, मग उजवीकडे, आणि थोड्या वेळाने आम्ही दोन उसांच्या मधल्या गाडीवाटेवर होतो.

सासूबाई म्हणाल्या, "अरे, ही वाट नव्हे. कुणाला तरी विचार."

"आई, गाडी फोर बाय फोर आहे," भाऊजी म्हणाले.

सोलापूरकडची काळी माती ज्यांनी पावसात बघितली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. ती टायरच्या खाचांत पिठासारखी भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोन चाकं फिरायची तिथे चारही जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक! भाऊजींनी खालचा जोराचा गिअर टाकून पाहिला, ह्यांनी चाकाखाली पाचट घातलं, माझी एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. यंत्रातली बाई मात्र शांतपणे सांगत होती, "सरळ पुढे जा."

शेवटी बांधावरून एक शेतकरी आले आणि घरून ट्रॅक्टर नि दोरखंड घेऊन परतले. "उन्हाळ्यात जातंय की इथनं," ते म्हणाले, "पावसात आम्ही बैलगाडीबी घालत न्हाई." त्यांच्या बायकोने आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. सासूबाईंचे गुडघे बघून आतून तेलाची बाटली आणली. पैसे मात्र कुणीच घेईना.

वाखरीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आषाढ शुद्ध नवमीला इथे सगळ्या संतांच्या पालख्या मुक्कामाला असतात, पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी पालखीतळावर चार शेळ्या चरत होत्या. सासूबाई ह्यांचा हात धरून उतरल्या. थोडी माती कपाळाला लावली. आपली दिंडी कुठे उतरायची, पाण्याचा टँकर कुठे असायचा, एका साली पावसात रात्रभर कशा बसून होतो, ते बोट दाखवून सांगत राहिल्या. एवढं बोलताना त्यांना मी गेल्या दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. भाऊजींनी यंत्र बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शन झालं. देवळाभोवतीच्या अरुंद बोळांत यंत्राचा उपयोग नाहीच. उंच भिंतींवर आपटून संकेत येतात, त्यामुळे बाण या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारतो. बुक्का आणि चुरमुरे घेऊन नदीपलीकडे मोहोळला नणंदेकडे निघालो, तर बाई म्हणते जुन्या दगडी पुलावरून चला! वर धरणातून पाणी सोडलेलं. पुंडलिकाच्या देवळाला चंद्रभागेचा वेढा आणि तो पूल पाण्याखाली. या वेळी भाऊजींनी आधीच चहाच्या टपरीवर विचारून ठेवलं होतं. आम्ही नव्या पुलावरून गेलो.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर निघण्यापूर्वी त्यात 'कच्चे रस्ते टाळा' हा पर्याय लावून घ्या, आणि कमी अंतराऐवजी कमी वेळेचा रस्ता निवडा. डिकीत दोरखंड आणि जुनी गोणपाटं असू द्या. जादा चपलांचा जोडसुद्धा, हे माझं स्वतःचं शहाणपण.

मोहोळहून परतताना सासूबाईंनी भाऊजींना विचारलं, "त्या यंत्रात जागा लिहून ठेवता येते ना?"

"येते की."

"मग त्या तेल देणाऱ्या बाईचं घर घाल. हा प्रसाद तिच्याकडे द्यायचाय."

भाऊजींनी ते घर नकाशावर शोधून खूण केली. पण तिकडे वळलो ते मोठ्या रस्त्यावर दोन ठिकाणी विचारून.