जमिलाचं विणकाम

‘माइंड युअर लँग्वेज’ ही विनोदी मालिका इंग्लंडमध्ये लंडन वीकएंड टेलिव्हिजनवर १९७७च्या डिसेंबरात सुरू झाली. आमच्यापर्यंत ती बरीच उशिरा पोचली, व्हिडिओ कॅसेटवरून. पार्ल्याला मामाकडे आम्ही सगळ्या भावंडांनी तिचा पहिला भाग पाहिला आणि पोट दुखेपर्यंत हसलो. इंग्रजी शिकायला आलेले देशोदेशीचे प्रौढ विद्यार्थी, त्यांना शिकवणारा भला मास्तर जेरेमी ब्राऊन, भर वर्गात एकमेकांवर धावून जाणारे अली आणि रणजित. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. चुकीचं इंग्रजी बोलणाऱ्याला हसायचा परवानाच मिळाल्यासारखं मला वाटे.

लग्न होऊन इंग्लंडमधल्या लेस्टरला गेले. १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा याच शहराच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘इथे येऊ नका’ म्हणून कळवलं होतं. लोक तरीही आले. मी गेले तेव्हा बेलग्रेव्ह भागात साड्यांची, फरसाणाची दुकानं उभी राहिली होती, आणि बायका होजिअरीच्या कारखान्यांत ओव्हरलॉक मशीनवर बसत होत्या. एका देवळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी त्यांच्यासाठी इंग्रजीचा वर्ग चाले. मला गुजराती येतं म्हणून तो माझ्याकडे आला. गिरगावात वाढल्याचा एवढा उपयोग झाला.

मी व्याकरणापासून सुरुवात केली. पुस्तकात होतं तेच शिकवत होते. बायका माना डोलवायच्या, वह्या भरायच्या. मागच्या रांगेत एक वयस्क बाई बसत. सगळ्या त्यांना ‘बा’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. कारखान्यातली पाळी संपवून थेट यायच्या आणि तासभर गप्प बसायच्या. त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एकीच्या मुलाने कुठूनशी त्या मालिकेची कॅसेट आणली. तीच, पहिल्या भागाची. मी आनंदाने हो म्हटलं. मनात हिशेब असा की दुसऱ्यांच्या चुका पाहून यांच्या सुधारतील.

बायका भरपूर हसल्या. अली-रणजितचं भांडण तर पुन्हा लावायला लावलं. एक पंजाबी बाई मात्र म्हणाल्या, ‘हा रणजित आमच्यातला वाटत नाही.’ त्यांची नजर पक्की होती. ती भूमिका करणारे अल्बर्ट मोझेस मूळचे श्रीलंकेचे, हे मला पुढे कळलं. अली झालेले दिनो शफीक ढाक्याचे. एवढ्यात ज्याने कॅसेट आणली तो मुलगाच उठला आणि टीव्ही बंद करून आला. अलीची नक्कल करून शाळेत पोरं आपल्याला रोज कशी छळत, ते त्याने आईला पहिल्यांदाच सांगितलं. ती काही बोलली नाही. पदराशी चाळा करत राहिली. (चॅनेलच्या मायकेल ग्रेड यांना हीच ठरावीक सोंगं खटकली आणि १९७९मध्ये त्यांनी मालिका बंद केली. त्या मुलाला हे सांगायला हवं होतं, पण मला तेव्हा ते ठाऊकच नव्हतं.)

मग मागून बा बोलल्या. त्यांना विनोदाशी काही देणंघेणं नव्हतं. वर्गात विणत बसणारी, इंग्रजीचा गंध नसलेली जमिला त्यांनी बारकाईने पाहिली होती. जमिला मॅसी या सिमल्यात जन्मलेल्या अभिनेत्रीने ती केली आहे. बा म्हणाल्या, ‘हाथ सारो छे एनो.’ हात चांगला आहे तिचा. कितीतरी वर्षं लोकरीच्या कपड्यांत काम केलेल्या बाईची ती पावती होती. ‘पण मास्तर तिला फक्त काय येत नाही तेच बघतो. काय येतं ते विचारतच नाही.’ आणि जरा थांबून माझ्याकडे बघत, ‘तूही कुठे विचारलंस, बेन?’

त्या संध्याकाळी मी विचारलं. बांना गुजराती, कच्छी आणि हिंदी येत होतं. स्वाहिली अस्खलित, आणि कंपालाच्या दुकानात बसून उचललेली लुगांडाही. एवढ्या भाषा येणाऱ्या बाईला मी तीन काळांचे तक्ते पाठ करायला देत होते.

‘मग इंग्रजी कशासाठी हवंय?’ असं विचारलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून पगाराची चिठ्ठी काढली. नगावर मिळणाऱ्या पैशांतून दर आठवड्याला काय कापतात, ते त्यांना वाचता यायला हवं होतं. पुढचे कितीतरी तास आम्ही पगाराच्या चिठ्ठ्याच वाचल्या. नंतर डॉक्टरांची पत्रं, मुलांच्या शाळेच्या नोटिसा. शिकवायचं काय हे वर्गातल्या बायका ठरवत गेल्या आणि मी त्यांच्या मागे चालत गेले. प्रौढांना शिकवण्याबद्दल मला जे थोडंफार कळतं, ते तिथलं आहे.

मुंबईला परतल्यावर १९९३मध्ये दूरदर्शनवर ‘ज़बान संभाल के’ लागली. त्याच मालिकेचा हिंदी अवतार. पंकज कपूर मास्तर आणि विजू खोटे मराठी विद्यार्थी विठ्ठल बापूराव पोटे. आमच्याकडे यावर दोन तट पडले. वडील मनापासून हसत. काका मात्र ‘मराठी माणूस म्हणजे काय विदूषक?’ म्हणून उठून जात. मी दोघांनाही चूक म्हणू शकले नाही. विजू खोट्यांना मीही हसत होते आणि हसता हसता तो कॅसेट बंद करणारा मुलगा आठवत होता. पार्ल्याला मामाकडे मला हे दोन्ही एकदम जमलं नसतं.

आता मी अमराठी लोकांना मराठी शिकवते. केरळच्या नर्स, उत्तर प्रदेशचे रिक्षावाले, बँकेत बदली होऊन आलेले अधिकारी. पहिल्या दिवशी हजेरीच्या कागदावर नावापुढे एक रकाना आखते: ‘तुम्हाला येणाऱ्या भाषा’. अधिकारी बहुधा दोन लिहितात. रिक्षावाले आधी ‘हिंदी’ एवढंच लिहितात. मग मी शेजारी जाऊन बसते, घरी आईशी काय बोलता ते विचारते, आणि अवधी, भोजपुरी, थोडी गुजराती असं करत तो रकाना कागदाच्या कडेपर्यंत जातो.