तापलेले चाक

देवणीचे नाव काढले की परगावचा माणूस हटकून बैलांची चौकशी करतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. अंगाने पांढरा नि तोंडावर काळा तो वानेरा, जवळजवळ निखळ पांढरा तो बालंक्या आणि अंगभर काळे ठिपके मिरविणारा तो शेवेरा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगता येते. अशा गावात राहून मी बैल कधी पाळला नाही; पाळली ती मोटार. १९९७ सालची मारुती ८००. या जातीची पहिली गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचा वंशच थांबला. पण आमची अजून दारात उभी आहे.

डोळ्यांनी दगा दिल्यावर मी चाक हाती धरणे सोडले. शेजारच्या आळीतला एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, गाडी हाकू लागला. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांसाठी उदगीरच्या वाऱ्या चालू होत्या. जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर. अशा दहा खेपांना २२ लिटर पेट्रोल लागे, हा माझा बारा वर्षांचा हिशेब. गणिताचा मास्तर मी. हिशेब चुकायचा नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात तो चुकला. त्याच दहा खेपांना ३३ लिटर! आणि त्याच साली मराठवाड्यात पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडलेली. म्हणजे अकराशे रुपयांहून अधिक रक्कम कुठे जात होती, कोण जाणे.

वाचकहो, खरे सांगतो, मला ‘कोण’ ते ठाऊक आहे असे वाटले. गाडीची किल्ली त्या मुलाजवळ, टाकीचे झाकण त्याच्या हाती. मी तोंडाने काही बोललो नाही. मास्तर लोक बोलत नाहीत, वही घालतात. मी एक वही आणली. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा टिपायचा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर मावले ते लिहायचे. खप मोजण्याची याहून साधी नि खरी रीत नाही. फक्त मी ती वही आसनाखाली लपवून ठेवली, इतकेच.

मुलगा मधून मधून म्हणे, “गुर्जी, गाडी जड चालतीय बगा.” मला ते आगाऊ तयार केलेले निमित्त वाटे. तरी त्याच्या समाधानासाठी एका कारागिराला दाखविली. हवेच्या गाळणीत आमच्या रस्त्यांची पावशेर धूळ निघाली. टायरांत हवा कमी होती. दोन्ही दुरुस्त केली. खप लिटरभराने उतरला, पुढे हलेना. कारागिराने प्लग काढून दाखविले. पेट्रोल जास्त जळत असेल तर प्लगवर काजळी धरते. हे प्लग छान विटकरी होते. “इंजिनाची काय तक्रार नाही,” तो म्हणाला. झाले! इंजिन निर्दोष, म्हणजे माणूस दोषी, असे मी गणित मांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही ओसरीवर होती, तिच्यावर गाडीची किल्ली. आसन झाडताना त्याला सापडली असावी. तो आला नाही. सौभाग्यवती दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ताटात वरण वाढताना पळी जरा मोठ्याने आपटली.

पुढच्या खेपेला एका नातलगाला हाकायला बसविले. परत आल्यावर समोरचे वानेऱ्याचे मालक ओसरीवर टेकले. वय ऐंशीच्या घरात, मोटारीशी संबंध शून्य. सहज उठून चारी चाकांपाशी गेले, एकेका चाकावर तळहात टेकविला, आणि मागच्या डाव्या चाकावरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“ह्ये चाक पोळतंय की, गुर्जी. बाकीची गार हायेत. कण्याला वंगण नसलं की आमच्या गाडीचं असंच व्हतंय. बैल घामाघूम, अन् मालक म्हणतो वैरण लई खातंय.”

उदगीरच्या कारागिराने ते चाक खोलले. हँडब्रेकची तार नळीत गंजून अडकलेली. दांडा खाली केला तरी ब्रेकचे बूट ड्रमला घासतच राहत. पेट्रोल जळत होते ते खरे, पण त्यातले बरेचसे गाडी पुढे नेण्यासाठी नव्हे, एक चाक तापविण्यासाठी. नवी तार घातली. वही पुन्हा काढली. दहा खेपा, साडेबावीस लिटर.

आता तार गंजली का? पावसाळाभर गाडी उघड्यावर, आणि रात्री हँडब्रेक करकचून ओढल्याशिवाय मला झोप नाही. जूनमध्येच तो मुलगा म्हणाला होता, “गुर्जी, पावसात हँडब्रेक ओढून ठिवू नगा. गिअरात टाकू, चाकाला दगड लावू.” मी त्याला म्हणालो होतो, “मोटार कोणाची?”

दिवाळीच्या पाडव्याला मी त्याच्या घरी गेलो. चकलीचा डबा सौभाग्यवतींनी दिला होता, वही मी आपण होऊन नेली. शेवटचे पान उघडून त्याच्यापुढे धरले. चुकले म्हणायला जीभ रेटेना. चाळीस वर्षे मुलांची चूक काढणारी जीभ ती. अखेर म्हणालो, “चूक माझी होती.” त्याने आकडे वाचले, वही मिटली, आणि आईला चहा टाकायला सांगितले. किल्लीबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. ती खिशात तशीच घेऊन परतलो.

भाऊबीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो आला. उदगीरहून परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याने गाडी गिअरात टाकली, अंगणाच्या कडेचा एक दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. मग हँडब्रेकच्या दांड्याकडे आणि माझ्याकडे एकदा पाहिले.

मी हात मागे बांधून उभा राहिलो.