पांढरीतली मडकी

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "इतकी वर्षं माती चाळतेस, मिळतं काय गं त्यात?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

आपण पेरतो काळीत आणि राहतो पांढरीत. तुझ्या सासरच्या घोड नदीकाठीच, इनामगावला, अशी एक फार जुनी पांढर आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी ती खणली. इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षं माणसं तिथं नांदली. जळून कोळसा झालेले सातूचे आणि मसुराचे दाणे, जनावरांची हाडं, बोराच्या आठळ्या, सगळं त्या मातीत सापडलं. शेताला पाणी द्यायला त्यांनी पाटही खणला होता.

मग इ.स.पू. १००० च्या सुमाराला मोठी चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. शिकार वाढते, शेती घटते. ढवळीकरांनी याचं कारण आटलेल्या पावसात शोधलं. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांची हाडं तपासली. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटली होती हे त्यांनी दाखवलं, पण सगळा दोष हवामानावर टाकायला त्या तयार नाहीत. मला ते पटतं. दुष्काळात एका घरी कणगी भरलेली असते आणि शेजारी चूल पेटत नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस.

मुलांची ही हाडं मिळाली कुठं, ते सांगायला मात्र फोनवर जीभ रेटली नाही. तान्ही मुलं गेली की तिथले लोक दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यात बाळ, आणि ती मडकी घराच्याच जमिनीखाली पुरत. वर पुन्हा सारवण होई, चूल पेटे. धान्य सरलं, घरं लहान झाली, तरी बाळांना त्यांनी घराबाहेर ठेवलं नाही.

तुझ्या पहिल्या बाळाला भाऊजींनी बांधाशी पुरलं. तू आजही त्या कडेला नांगर लावू देत नाहीस. मी पहिल्यांदा ती मडकी पाहिली, तेव्हा मला तुझा तो बांधच दिसला.

दिवाळीला येईन तेव्हा आपण दोघी इनामगावला जाऊ.

तुझी,
धाकटी