सेनगावची काळी, पांढरी आणि धातू शोधणारे यंत्र

वाचकहो, हिंगोलीहून सेनगावच्या रस्त्याला लागलात की गाव मागे पडते आणि दोन्ही अंगांना काळे रान सुरू होते. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, पुढे हरभरा, पाण्याची सोय असेल तिथे हळद. मधूनच मुरमाड माळ येतो, पुन्हा काळी जमीन येते. तालुक्यातून कयाधू वाहते. जवळच संत नामदेवांचे नर्सी आहे. दक्षिणेला पूर्णेचे खोरे आणि त्यावरचे येलदरीचे धरण. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हापासून सेनगाव हिंगोलीत आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

आपल्या वाडवडिलांनी जमिनीची दोनच नावे ठेवली होती. पिकते ती काळी आणि गाव वसते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती एकावर एक साचून गावठाणाची माती पांढरट होते. म्हणून ओसाड रानात एखादे पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले, त्यावर खापरे विखुरलेली असली, तर जुनी माणसे लगेच सांगतात की इथे पूर्वी गाव होते. सेनगावच्या आसपास हिंडताना अशा जागांकडे नजर ठेवा. घर लिंपायला, शेतात टाकायला पांढरी माती आणताना खापरी मणी किंवा गंजलेले नाणे हाताला लागते ते याच जागांतून.

आता या मातीत शोध घेणारे एक यंत्र बाजारात मिळू लागले आहे. त्याची माहिती शेतकऱ्याच्या घरात असायला हवी. कारण यंत्राबरोबर मोहही येतो आणि फसवणूकही येते.

यंत्र चालते कसे?

मेटल डिटेक्टर आपण रेल्वे स्टेशनवर किंवा मोठ्या देवस्थानाच्या दाराशी पाहिलेला असतो. रानात वापरायचे यंत्र त्याच जातीचे. एका दांडीच्या खालच्या टोकाला ताटलीएवढी चकती असते. चकतीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. दांडीवर छोटी पेटी, बॅटरी आणि कानाला लावायचे हेडफोन. वजन साधारण दीड-दोन किलो.

तारेच्या वेढ्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की चकतीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्या तुकड्यातही बारीक विजेचे भोवरे फिरू लागतात. ते आपले वेगळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. चकतीला ते कळते आणि कानात आवाज येतो. एवढेच त्याचे काम. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात गोळी अडकली होती. ती शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी असे यंत्र करून पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायला ते कामी आले आणि युद्धानंतर हौशी लोकांच्या हातात गेले.

यंत्राची ताकद किती? रुपयाएवढे नाणे असेल तर साधारण वीतभर खोलीपर्यंत. मोठे भांडे असेल तर त्याहून खाली. म्हणजे बहुधा आपला नांगर जिथवर जातो तिथवरच त्याचीही धाव. त्यातून आपली काळी माती काळ्या खडकापासून, बेसाल्टपासून झालेली. तिच्यात लोहाचे चुंबकी कण असतात. मातीच यंत्राला धातूसारखी भासते आणि ते उगाच आवाज करते. म्हणून चांगल्या यंत्रात आधी जमिनीशी मेळ बसवून घ्यावा लागतो. स्वस्तातले यंत्र काळ्या रानात नुसते कुरकुरत राहते.

रानात खरोखर सापडते काय?

ज्याच्या शेतात वर्षानुवर्षे औत चालले, त्याच्या शेतात सर्वात जास्त सापडते लोखंड. वखराच्या पासेचा तुकडा, कुळवाचा बोल्ट, बैलाच्या पत्रीचे खिळे, ट्रॅक्टरची पिन, कुंपणाची तार, औषधाच्या बाटलीचे टोपण. मग कधी तरी हैदराबादी पैसा, चारमिनार कोरलेला रुपया. हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट या पलटणीची छावणी होती. अशा जुन्या छावणीच्या परिसरात शिशाची गोळी किंवा पितळी बटणही निघू शकते.

छंद राहू द्या, घरच्या कामालाही हे यंत्र उपयोगी आहे. मातीत गडप झालेला औताचा भाग किंवा पुरलेली लोखंडी पाइपलाइन त्याने सापडते. कडब्याच्या कुट्टीतून खिळा किंवा तार जनावराच्या पोटात गेली तर ती जाळीपोटात रुतते, पुढे काळजापर्यंतही पोहोचते. अशी शंका आली की जनावरांचे डॉक्टर गाईच्या छातीशी धातुशोधक यंत्र फिरवून पाहतात. आवाज आला म्हणजे रोग नक्की झाला असे नव्हे, पण तपासाला दिशा मिळते. कुट्टी करण्यापूर्वी वैरणीवरून चुंबक फिरवला तर आलेले संकट दाराबाहेरच थांबते.

नांगराने दिलेले ठेवे

आता मोठ्या सापडीकडे वळू. आपल्या महाराष्ट्रातले नामांकित ठेवे यंत्राने सापडलेले नाहीत. ते कुदळीने आणि नांगराने सापडले आहेत.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार ब्राँझची शिल्पे मिळाली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथात माणूस उभा आहे, पुढे दोन बैल जुंपलेले आहेत, दांडीवर कुत्राही आहे. चारही मिळून वजन ६० किलोहून अधिक. बरेच विद्वान ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात, पण काहींना ते पटत नाही. वाद मिटत नाही, कारण शिल्पे शास्त्रीय उत्खननात निघाली नव्हती. कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे होती, याची नोंद झाली नाही. पुढे पुरातत्त्व खात्याचे साळी यांनी तिथे काही वर्षे उत्खनन केले, पण शिल्पे तोवर जागची हललेली होती.

वाचकहो, सगळे सार या एका गोष्टीत आहे. जुन्या वस्तूची अर्धी किंमत वस्तूत असते आणि अर्धी ती जिथे होती त्या मातीत असते. यंत्र आपल्याला ‘इथे धातू आहे’ एवढेच सांगते. बाकीचे माती सांगते, आणि खड्डा खणून आपण तीच माती उधळतो.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी १३,००० हून अधिक होती, सगळी क्षत्रप राजा नहपान याची. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून सातवाहनांनी मुलूख घेतला, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. तीच नाणी पाच घरांत वाटली गेली असती आणि सोनाराच्या मुशीत वितळली असती, तर चांदीचे चार दागिने झाले असते आणि इतिहासाचे एक पान कायमचे गेले असते.

तिसरे उदाहरण सेनगावच्या शेजारचे. वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा गाव आहे. तिथे १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. सोने नव्हे, चांदी नव्हे, मिश्र धातूची साधी नाणी. मोडीत काही किंमत आली नसती. पण डॉ. वा. वि. मिराशी यांनी त्यांवरची अक्षरे वाचली तेव्हा पुराणांच्या यादीतही नसलेल्या राजांची नावे प्रथमच कळली. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथे मिळालेल्या विंध्यशक्ती राजाच्या ताम्रपटात नांदेडकडच्या एका गावाचे दान लिहिले आहे. दीड हजार वर्षांहून जुना तो दस्तऐवज. वाशिम आणि नांदेड यांच्या मधला मुलूख म्हणजे आपलाच हिंगोली जिल्हा. असा लिहिलेला पत्रा कोणाच्या रानात निघाला आणि भांड्यांच्या मोडीत गेला तर काय गेले हे कळणारही नाही.

इंग्लंडातला हातोडा

हा छंद इंग्लंडात फार चालतो. तिथल्या सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने यंत्र बाळगणाऱ्या एका मित्राला शोधायला बोलावले. हातोड्याआधी निघाली रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी. त्या गृहस्थाने थोडे खणले, ठेवा मोठा आहे हे ओळखले, आणि खणणे थांबवून वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाचे लोक आले. त्यांनी माती थराथराने काढली. १४,८६५ नाणी, शिवाय चांदीची भांडी आणि दागिने, ज्या लाकडी पेटीत ठेवले होते तिच्या खुणांसकट मिळाले. सरकारने शोधणाऱ्याला साडेसतरा लाख पौंड दिले, आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तोही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेला आहे.

मोठेपण कशात होते? यंत्रात नव्हे, वेळेवर हात थांबवण्यात.

आपला कायदा

भारतीय निखात निधी कायदा १८७८ सालचा आहे. जमिनीत दडवलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निखात निधी. तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने काय, किती, कुठे आणि कधी सापडले हे कलेक्टरांना लेखी कळवले पाहिजे. लपवले तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवले, चौकशीत कोणी खरा धनी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला, अशी वाटणी कायद्यात आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. म्हणजे प्रामाणिक माणसाला कायदा रिकाम्या हाताने पाठवत नाही.

शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. संरक्षित देऊळ, किल्ला, टेकाड येथे परवानगीविना खणणे गुन्हा आहे. म्हणून औंढा नागनाथाला दर्शनाला जाताना यंत्र घरीच ठेवावे.

गुप्तधनाचा रोग

यंत्राहून जुना आणि घातक असा एक रोग आपल्या भागाला आहे. गुप्तधन. अमावस्या, पायाळू मूल, लिंबू, कोंबडा, आणि पुढे त्याहून भयंकर काही. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे लहान मुलींसह अनेक निरपराध जिवांचे खून झाले. त्यामागे गुप्तधनाची आणि मूल होण्याची अंधश्रद्धा असल्याचे तपासात पुढे आले. त्या वेळी सेनगावही परभणी जिल्ह्यातच होते. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. धनाच्या शोधासाठी अघोरी प्रकार करणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

आता काही बाबांनी विद्या सोडून यंत्र धरले तर आश्चर्य वाटायला नको. ‘कोसभर अंतरावरचे सोने दाखवते’ असे सांगून कोणी काड्यांचे किंवा अँटेनाचे यंत्र विकायला आला तर त्याला चहाही पाजू नका. असे यंत्र जगात नाही. इंग्लंडातल्या एका व्यापाऱ्याने गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बनवलेली पोकळ यंत्रे बाँब शोधणारी म्हणून इराकला विकली. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारे जिथे फसली तिथे आपण बैलजोडी विकून पैसे का मोजावेत?

मग छंद करावा की नाही?

करावा, पण तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारखा. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीवर पाऊस पडून गेला की मणी, नाणी, खापरे उघडी पडत. लामतुरे ती जपून गोळा करत राहिले. हजारो वस्तू जमल्या. आज त्या गावातच सरकारी वस्तुसंग्रहालयात आहेत. यंत्र नाही, खड्डा नाही, फक्त नजर. सहल काढायची तर मुलांना एकदा तेरला न्या.

यंत्र घेतलेच तर आपल्याच शेतात किंवा मालकाच्या परवानगीने वापरा. पांढरीच्या टेकाडावर, देवळाजवळ, गढीजवळ नको. खणायचे ते नांगरटीच्या थरापुरतेच, आणि खड्डा बुजवूनच पुढे जा. लोखंडाचे तुकडे, काचा, तारा उचलून आणा, बैलाचे पाय वाचतील.

आणि कधी नांगराला मडके अडखळले, त्यात नाणी दिसली, तर हे करा. औत थांबवा. मडके हलवू नका. हललेच असेल तर नाणी मडक्यासकट एकत्र ठेवा. चिंच, राख, लिंबू लावून घासू नका, कारण त्याने अक्षरे जातात. गट नंबर, बांधापासूनचे अंतर आणि खोली कागदावर लिहा, फोटो काढा. दोन शहाण्या माणसांना दाखवा. त्याच दिवशी पोलीस पाटील आणि तलाठी यांना सांगा, तहसीलदारांमार्फत कलेक्टरांना अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या.

हा कागद बायका-मुलांनाही वाचून दाखवा. पेरणी, निंदणी, वेचणी करताना मातीकडे सर्वात जवळून पाहणारे डोळे त्यांचेच असतात.