गोदामातली मसुरी

आमच्या घराण्यात मांजर पाळण्याची रीत नाही. हिंसक प्राणी पोसू नयेत, त्यांच्या हिंसेत पोसणाऱ्याचाही वाटा असतो, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात समजावून सांगितले होते. त्यामुळे मसुरी आमच्या घरची आहे असे मी कधीच म्हटले नाही. ती गोदामातली होती. गोदाम लक्ष्मीपुरीत, घर त्याच्याच माडीवर, मध्ये चौदा पायऱ्या. या चौदा पायऱ्यांच्या आधाराने आम्ही जवळजवळ पाच वर्षे नियमही पाळला आणि मांजरही पाळले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ती आली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. महापुराचे पाणी व्हीनस कॉर्नरला आले होते आणि खालची थप्पी भिजू नये म्हणून हमाल रात्रभर पोती वर चढवीत होते. मसुराच्या पोत्यांमागे मुठीएवढे पिल्लू सापडले. रंगही सालासकट मसुराचा, म्हणून दिवाणजींनी नाव ठेवले मसुरी. पाणी ओसरले, पेठ पुन्हा सुरू झाली, पिल्लू मात्र गेले नाही.

धान्याच्या व्यापाऱ्याला उंदीर म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही विष ठेवीत नाही, चाप लावीत नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नोकर रंकाळ्याच्या पलीकडे सोडून येई आणि दुसऱ्या दिवशी त्याचे भाऊबंद हजर असत. मसुरी मोठी झाल्यावर कुरतडलेली पोती कमी झाली. वर्षअखेरीस बारदानाच्या खर्चातही तो फरक दिसला. ती काय करते हे आम्ही पाहिले नाही. सकाळी गादीवर बसण्यापूर्वी दिवाणजी सगळे झाडून घेत. तिला वरून दूधपोळी जाई, आणि दूधपोळीवर मांजर धष्टपुष्ट होते अशी आमची समजूत होती.

२०२० च्या दिवाळीच्या सुमारास तिला तीन पिल्ले झाली. दोन ओळखीच्यांकडे गेली, तिसरी मटकी आईजवळच राहिली. त्या वेळी आमच्या धाकटीने दोघींची नसबंदी करून घ्यावी असे सुचविले होते. माझ्या यजमानांना ते पटले नाही. मुक्या जिवाच्या शरीरावर आपल्या सोयीसाठी शस्त्र का चालवावे, हा त्यांचा प्रश्न. मलाही तो योग्य वाटला. अहिंसेचा विचार करून निर्णय घेतला, असे समाधानही वाटले. बोके येत राहिले, रात्री पत्र्यावर भांडणे होत राहिली, मसुरी कधी कानाला, कधी मानेला जखम घेऊन येई, आणि आम्ही हळद लावीत असू.

२०२३ च्या जानेवारीत ती खायची थांबली. सर्दी असेल म्हणून ज्या दवाखान्यात प्रथम नेले तेथे दोन इंजेक्शने मिळाली, रक्त तपासले गेले नाही. आठवडा असाच गेला. अंग तापलेले पाहून मी आमच्याच डब्यातील पॅरासिटामॉलची पाव गोळी देण्याच्या बेतात होते. धाकटीने हात धरला म्हणून वाचलो. ती गोळी मांजराच्या शरीरात पचत नाही, एका गोळीनेही मांजर मरू शकते, हे मला नंतर कळले. घरात मांजर असेल त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

दुसऱ्या डॉक्टर वयाने लहान, माझ्या थोरलीएवढ्या. त्यांनी मसुरीचा ओठ वर करून हिरडी दाखविली. गुलाबी असायला हवी ती तांदळाच्या पिठासारखी पांढरी होती. रक्तात लाल पेशींचे प्रमाण निरोगी मांजरात शेकडा पंचवीसच्या वर असते, मसुरीचे चौदा निघाले. मग रक्ताचे तीन थेंब एका पट्टीवर घातले. दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली. फेलाइन ल्युकेमिया, म्हणजे मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू. त्यातच सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेले दिसले. ते काढले नाही तर चार-पाच दिवस, आणि इतक्या कमी रक्तावर भूल दिली तर टेबलावरच जाण्याची भीती.

हा विषाणू १९६४ मध्ये ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी शोधला. तो माणसाला होत नाही, कुत्र्यालाही होत नाही. शरीराबाहेर काही तासांतच मरतो, साबणाच्या पाण्यानेही मरतो. तो पसरतो लाळेतून: एकाच ताटलीत खाल्ल्याने, चाव्याने, आणि मांजरे एकमेकींना चाटतात त्यातून. रोग्याची प्रतिकारशक्ती खचते, रक्त कमी होते, पुढे गाठी होतात. विषाणू घालविणारे औषध नाही. आपल्याकडे मांजरांना सर्रास टोचतात ती लस तीन रोगांवरची असते, त्यांत हा नाही.

डॉक्टरांना मी विचारले, “हे तिला कशाने झाले?” त्यांनी मानेवरचा जुना व्रण बोटाने दाखविला. बोक्यांच्या चाव्यातून विषाणू आला असण्याची शक्यता मोठी. आणि गर्भाशयात पू होणे हा तर नसबंदी न झालेल्या मादीचाच आजार. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. यजमान मात्र दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. ज्या शस्त्रापासून आम्ही तिला वाचविले असे आम्हाला वाटत होते, ते आता दहापट धोक्याने तिच्यावर चालणार होते.

प्रथम रक्त हवे होते. मांजरांतही रक्तगट असतात, हे मला ठाऊक नव्हते. बहुतेक मांजरे ‘ए’ गटाची, थोडी ‘बी’ची. कुत्र्याला पहिल्या वेळी दुसऱ्या गटाचे रक्त बहुधा चालून जाते. मांजराचे तसे नाही. ‘बी’ गटाच्या मांजराला ‘ए’चे थोडे रक्तसुद्धा जीवघेणे ठरते. म्हणून गट पाहावा लागतो, दोन्ही रक्ते काचेवर मिसळून पाहावी लागतात. आणि देणारे मांजर तरुण, निरोगी, साडेचार किलोंच्या वरचे, विषाणू नसलेले हवे.

मटकी सव्वातीन किलोंची. तिची तपासणी सुदैवाने निर्दोष आली, पण रक्त देण्याइतकी ती मोठी नव्हती. ओळखीच्या तीन घरी विचारले. कोणी नाही म्हटले, कोणाचे मांजर म्हातारे. शेवटी आमच्या हमालांपैकी एकाने सांगितले की शिवाजी चौकाच्या बाजूला एका मटणाच्या दुकानात पाच किलोंचा बोका आहे, कधी दुकानाबाहेर जात नाही.

त्या दुकानाच्या पायरीशी मी आयुष्यात प्रथम उभी राहिले. पदर नाकाला लावू नये म्हणून मनाला बजावीत होते. विनंती करायला आले होते, नाक मुरडायला नव्हे. दुकानदारांनी हात पुसले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “घेऊन जावा की वैनी, त्यात काय विचारायचं? पण त्याला काय होणार नाही ना?” हाच प्रश्न मी घरून निघताना सासूबाईंनी मला विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत.

सासूबाईंचा आक्षेप बोक्याच्या घरावर नव्हता. एका मुक्या जिवाचे रक्त त्याला न विचारता दुसऱ्यासाठी घ्यावे काय, यावर होता. मी म्हटले, मसुरी मरेल. त्या म्हणाल्या, “मसुरी मरेल म्हणून बोक्याची संमती मिळाली असे होत नाही.” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, “डॉक्टरांना सांग, जितके लागेल त्याहून थेंबभरही जास्त घेऊ नका.” डॉक्टरांच्या हिशेबाने त्या बोक्याचे पन्नास मिलिलिटर घेता आले असते, त्यांनी चाळीस घेतले, आणि तेवढे सलाईन त्याला लावले. बोका तासाभराने जागा झाला, संध्याकाळी दुकानात गल्ल्याशेजारी बसलेला मी स्वतः जाऊन पाहिला. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत.

रक्त चार तास थेंबथेंब चालले. शेकडा चौदाचे वीस झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया. आत नेताना यजमानांनी तिच्या कानाशी णमोकार म्हटला. डॉक्टर तेवढा वेळ सुई हातात घेऊन थांबल्या, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तासाभराने त्या बाहेर आल्या तेव्हा आमच्याकडे न बघता आधी पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “श्वास चांगला चाललाय.”

तिला खालच्या गोदामात ठेवणे शक्य नव्हते. प्रश्न धुळीचा होता, तसाच इतर मांजरांचाही: तिच्यापासून त्यांना संसर्ग, त्यांच्यापासून तिला. चौदा पायऱ्या चढून मसुरी प्रथमच वर आली आणि मागच्या खोलीत राहिली. गळ्यात प्लास्टिकचे नरसाळे, पोटावर सात टाके. प्रतिजैविकाची गोळी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून प्रत्येक गोळीनंतर पिचकारीने थोडे पाणी पाजायचे. पहिल्या चार रात्री मी आणि धाकटी आळीपाळीने जागलो. मटकी दाराबाहेर बसून ओरडे. लहानपणापासून दोघी एकमेकींना चाटून झोपत. आता त्या चाटण्यातच विष होते, आणि हे तिला समजावून सांगण्याचा काही मार्ग नव्हता. दाराखालच्या फटीतून दोघींचे पंजे एकमेकींना लागत, तेवढे आम्ही चालू दिले.

खरा पेच मात्र पुढे होता, तो खाण्याचा. डॉक्टरांनी दूधपोळीची चौकशी केली आणि स्पष्ट सांगितले की मसुरी आजवर जगली ती उंदरांवर. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य लागते. त्याचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही, आणि निसर्गात ते मांसातूनच मिळते. ते न मिळाल्यास मांजर आंधळे होते, हृदय फुगते. हे द्रव्य कारखान्यात तयार होते आणि ते घालून केलेले शाकाहारी खाद्यही निघाले आहे, पण रक्त इतके उतरलेल्या रोग्यावर तो प्रयोग करायला डॉक्टर तयार नव्हत्या. बाहेर सोडले तर ती शिकार करील आणि रोग वाटील. घरात ठेवले तर तिचे मांस आम्हाला विकत आणावे लागेल. आजवर तिच्या हिंसेचा नफा आम्ही घेत होतो आणि पाप तिच्या नावे मांडीत होतो. आता खाते आमच्या नावावर आले.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. तेथे धान्य खाणाऱ्या पक्ष्यांना भरती करून घेतात; घार, ससाण्यासारख्या मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण मुक्कामाला ठेवीत नाहीत. पूर्वी मला ही व्यवस्था विचित्र वाटे. त्या महिन्यात तिचे मर्म कळले. त्यांनीही कोठेतरी चौदा पायऱ्या ठेवल्या आहेत. आपल्या कोल्हापुरात पांजरपोळ हे एका भागाचेच नाव पडले आहे, इतकी ती संस्था आपल्या अंगवळणी आहे. पण आमच्या घरची वर्गणी पिढ्यान्‌पिढ्या गाईबैलांसाठी गेली, मांजराचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

शेवटी यजमानांनी माशांचे तयार खाद्य असलेली पाकिटे आणली. ती गोदामाच्या कपाटात राहिली. ताटली, चमचा, हात धुण्याचा साबण सगळे वेगळे. ते स्वतः खाली पाकीट उघडीत आणि मागच्या जिन्याने ताटली वर नेत. सासूबाईंना सगळे ठाऊक होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्याच दिवसापासून त्यांनी साखरेचा त्याग केला. चहा त्या घेतच नसत. फळांच्या रसातली, सणाच्या पुरणातली साखरही सुटली. कारण कोणी विचारले नाही.

बारा आठवड्यांनी फेरतपासणी झाली. मसुरीच्या रक्तात विषाणू कायम होता, मटकीचा अहवाल दुसऱ्यांदाही निर्दोष आला. मे महिन्यात मटकीची नसबंदी करून घेतली. यजमानांनीच वेळ ठरविली, नेले आणि आणले.

मसुरीला त्यानंतर दहा चांगले महिने मिळाले. वजन वाढले, खिडकीत बसून ती खालच्या पेठेतील गाड्या पाही. २०२४ च्या मार्चमध्ये श्वास जड झाला. छातीत गाठ आणि गाठीभोवती पाणी. मोठ्या शहरांत अशा गाठीवर माणसांप्रमाणे केमोथेरपी देतात, पण हा विषाणू असलेल्या मांजराला त्याने फार तर काही महिने मिळतात. डॉक्टरांनी पाणी काढले, आणि हळू आवाजात झोपेच्या इंजेक्शनाचा पर्याय सांगितला.

आमचे उत्तर त्यांना ठाऊक असावे. तरी मी ते लगेच देऊ शकले नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखनेला आत्महत्या ठरविले आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आपण सर्वांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: सल्लेखना हे जाणत्या जिवाने स्वतः घेतलेले व्रत आहे. मसुरी व्रत घेऊ शकत नव्हती. तिच्या वतीने मरण ठरविण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे यजमान म्हणाले. पण तिच्या वतीने वेदना ठरविण्याचा अधिकार तरी आम्हाला कोठून आला, हा प्रश्न मी त्यांना विचारला आणि त्याचे उत्तर अजून आमच्या घरात कोणाजवळ नाही. इंजेक्शन दिले नाही. वेदनाशामक मात्र पुरेपूर द्यायचे, त्याने दोन दिवस कमी झाले तरी चालेल, असे ठरले. पाणी आणखी दोनदा काढले. ती एकोणीस दिवस जगली. त्यांतले शेवटचे तीन वाईट होते. ते मी येथे गाळू शकले असते, पण मग हा लेख खोटा झाला असता.

शेवटच्या रात्री सासूबाई, ज्यांनी पाच वर्षांत तिला एकदाही हात लावला नव्हता, त्या खोलीत येऊन बसल्या आणि पहाटेपर्यंत णमोकार म्हणत राहिल्या. तिचा श्वास थांबल्यावर त्यांनी स्नान केले आणि मंदिराला गेल्या.

मटकी आता वरच असते. दर वर्षी तिची तपासणी होते, आजवर निर्दोष आली आहे. गोदामात पुन्हा उंदीर झाले आहेत आणि नोकर पिंजरा घेऊन रंकाळ्यापलीकडे जातो. मटणवाल्या भाऊंकडे दिवाळीला आमच्याकडून ज्वारीचे एक पोते जाते. बोक्याची खुशाली ते दिवाणजींकडे सांगून पाठवितात. सासूबाईंनी साखर अजून सुरू केलेली नाही. मटकीची पाकिटे येतात तोवर नाही, असे त्या म्हणतात.